दुसरं टोक

सासूबाईंना जाऊन सव्वा महिना झाला होता. उमादेवीनं त्यांच्या पांढऱ्या लुगड्याची बाळाला पाठीशी बांधायची झोळी करायला घेतली. पण लेकराला पांढऱ्यात बांधत नाहीत, म्हणून चुलीवर उकळत्या पाण्यात लाल रंग आणि मीठ घालून ते आधी रंगवलं. ओलं, जड लुगडं एका टोकाला धरून तिनं सवयीनं सासूबाईंना हाक मारली, "आत्याबाई, तिकडनं धरा की!" अंगणात कुणीच नव्हतं. तेवढ्यात सुरतेहून नवऱ्याचा फोन आला. तिनं झोळीचं सांगितलं. "कशाला कुटाणा करतीस? धाराशिवात तयार मिळती की." "मिळंल. पिळताना दुसरं टोक धरायला कोण मिळंल?" फोन ठेवून तिनं ते टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि ती पिळायला लागली. लाल पाणी पायांवर ठिबकलं. गजानं टोक घट्ट धरून ठेवलं. आत्याबाईंसारखा उलटा पीळ मात्र त्याला देता येईना.