हलके इंजिन

सुज्ञ वाचकहो, आमच्या खेळण्यांच्या दुकानात घडलेला एक क्रूर प्रसंग मी आपणांपुढे नम्रपणे निवेदन करीत आहे.

एक वेल्डर सपत्नीक आला. घरची खेळण्यातली मोठी आगगाडी रुळावरून घसरली म्हणून तिचे इंजिन आपण भिंतीवर आपटून फोडले, असे त्याने छाती फुगवून सांगितले. आता त्यास लहान मापाची गाडी हवी होती. "ही घसरली तर हिचाही भुगा करीन!" असे गर्जून त्याने काउंटरवर अशी मूठ हाणली की मांडलेले डबे कोलमडले.

तो रूळ पाहण्यास पलीकडे वळताच त्याची पत्नी एकेक इंजिन तळहातावर जोखू लागली. अखेर तिने सर्वांत हलके इंजिन पुढे सरकविले.

"वहिनी, जड घ्या," मी कळकळीने म्हणालो. "हलकं सारखं घसरतं, मग साहेब पुन्हा चिडतील."

"चिडू दे, भाऊ," केसांखालची पट्टी झाकीत ती कुजबुजली. "मागचं भिंतीवर नाही, माझ्या डोक्यात घातलं होतं."

आपण वाचलेत, ऋणी आहे.
आपला नम्र,
दुकानातला 'सिग्नल'