वरचा थर

जुनी चित्रं साफ करणाऱ्या बाईने कापसाचा बोळा ठेवला आणि टेबलावरचा दिवा तिरका केला. "काका, हे बघा. खाली वेगळंच चित्र आहे."

काका वाकले. त्यांच्याबरोबर आलेली त्यांची ताईही वाकली. चित्र त्या दोघांच्याच लहानपणीचं होतं. ऐटीत बंदूक धरलेला भाऊ, पायाशी कुत्रा आणि मेलेलं बदक, शेजारी फुलांची परडी घेतलेली बहीण. दिवाणखान्यात ते टांगून काकांनी जन्मभर पाहुण्यांना आपल्या पहिल्या शिकारीची गोष्ट ऐकवली होती. प्रत्येक वेळी बदक आणखी थोडं उंच उडायचं.

आता परडीवरचा रंग नखाएवढा निघाला होता आणि आतून बंदुकीची नळी दिसत होती. भावाच्या टोपीखालीही तसाच तुकडा साफ केला होता. तिथे लहानशी बोटं होती, कानावर घट्ट दाबलेली.

"चित्रकाराने आधी पाहिलं तसं काढलं असणार," बाई म्हणाली. "मग घरच्यांनी बदलून घेतलं. अशा चित्रांत बंदूक वारसाच्याच हातात लागायची. शिकार कुणी का केलेली असेना."

ताईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वरचा थर काढू का? एकदा काढला की परत येणार नाही."

काकांनी ताईकडे पाहिलं. "ताई, तू सांग."

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता तूच सांग, बाळ."

टक्कल पडलेल्या या माणसाला बाळ म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. 'काढा' हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला. पण रविवारी सगळी नातवंडं जमणार होती, भिंतीकडे बघणार होती.

"राहू द्या," ते म्हणाले. "या वयात पोरांना काय सांगू?"

ताईने मान हलवली आणि पर्स उचलली. तिला वाईट वाटलं. त्यांना त्याहून जास्त वाटलं, पण बोललेलं मागे घेणं काही जमलं नाही.

दोघं रस्त्यावर आली. शेजारच्या दुकानदाराने शटर धाडकन खाली ओढलं. काकांचे दोन्ही हात कानांवर गेले.

ताईची पापणीही लवली नाही. ती थांबली.

"झालं, बाळ," ती म्हणाली. "काढ आता हात."