पुढाऱ्याची परीक्षा

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा, चित्त इकडे द्या. गोष्ट लहान आहे. तिच्यात एक म्हातारा कुत्रा आहे आणि हट्टाला पेटलेली एक बाई आहे.

"खुर्ची अगदी मधोमध ठेव," कर-कचेरीतले साहेब शिपायाला म्हणाले. शिपायानं ती फरफटत आणली आणि वाटेत आडवी घातली. खाली फाटकाशी एक आंधळी बाई उभी होती. रुग्णालयात टेलिफोनवर बसायची. कुत्र्याच्या पट्ट्याची मूठ तिनं घट्ट धरली होती. मागे तिचा धाकटा भाऊ, चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

कायदा असा होता. आंधळ्याला वाट दाखवणारा कुत्रा म्हणजे कामाचं साधन, म्हणून त्याच्या औषधपाण्याचा खर्च करातून वजा व्हायचा. काम थांबलं की तो नुसता पाळलेला प्राणी, आणि पाळलेल्या प्राण्याला सूट नाही. या कुत्र्याला मधुमेहानं पोखरलं होतं. रोज सुई लागायची, आणि सूट गेली की सुई परवडणार नव्हती. कुत्रा म्हातारा झालेला, म्हणून तो अजून काम करतो का याची आज परीक्षा होती. फाटकापासून साहेबांच्या टेबलापर्यंत त्यानं बाईला सुखरूप आणायचं.

साहेब कडक होते, पण काळीज दगडाचं नव्हतं. मनातल्या मनात ते म्हणत होते, आणू दे रे देवा.

"नाव काय याचं?" त्यांनी जिन्यावरून विचारलं.

"पुढारी."

शिपाई फिसकन हसला. "साहेब, पुढच्या खेपेला मत यालाच देऊ. हा निदान पुढे चालतो तरी!"

कुत्रा निघाला. कपाळावरचे पांढरे केस डोळ्यांवर आलेले, चाल संथ. जिन्यापाशी दोघं थबकली. "पायरी," बाई हळूच पुटपुटली आणि दोघं बरोबर चढली. "वळण," ती म्हणाली आणि दोघं बरोबर वळली. खुर्चीच्या अलीकडे हातभर अंतरावर पुन्हा थांबली, भिंतीच्या कडेनं निघाली आणि थेट टेबलाला येऊन भिडली. कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि शिक्का उचलला.

"थांबा साहेब."

"ताई, गप्प बस!" भाऊ दबक्या आवाजात ओरडला.

"यानं मला नाही आणलं," बाई म्हणाली. "मी याला आणलं. गेल्या थंडीत त्याचे डोळे गेले. पायरी, वळण, ते मी त्याला सांगत होते. दरवर्षी अर्ज घेऊन येते, इथली वाट माझ्या पायांना पाठ आहे."

"आणि खुर्ची?"

"तुमच्या शिपायानं ओढली तेव्हा अख्ख्या इमारतीला ऐकू आली."

साहेबांचा हात तसाच वर राहिला. "मग हे सगळं चालून दाखवलंत कशाला?"

"खोटंच बोलायचं ठरवून आले होते. याच्या सुईपायी. पण टाळ्या वाजल्या आणि माझं डोकं फिरलं. या म्हाताऱ्यानं जन्मभर मला गाड्यांखालून वाचवलं. आता औषधासाठी यानं नोकरीचं सोंग का आणावं?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, मी काही ऐकलं नाही. शिक्का मारतो, तुम्ही घरी जा."

बाईनं चाचपून कागद शोधला आणि त्यावर तळहात ठेवला.

"मारायचा तर खरं लिहून मारा. माझी आई अंथरुणाला खिळलीय. तिच्या औषधाची सूट तुम्हीच देता. आई काय काम करते, असं कधी विचारलंत?"

"अहो, त्या घरच्या आहेत."

"हाही घरचाच आहे. लिहा तसं."

"तसा कायदा नाही हो."

"मग नाकारा! पण कारण नीट लिहा. कुत्रा म्हातारा झाला आणि बाईनं त्याला टाकलं नाही, म्हणून सूट नाही. लिहा आणि खाली सही करा. तो कागद घेऊन मी तुमच्या वरच्या साहेबांच्या दारात बसते. ते हलले नाहीत तर त्यांच्या वरच्यांच्या."

"ताई, सुईचं काय?" भाऊ रडकुंडीला आला होता.

"रविवारी पण टेलिफोनवर बसेन. तू काळजी करू नकोस."

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. पेन उघडलं. दोनदा अडले, पण शेवटी बाईनं सांगितलं ते अक्षरन् अक्षर लिहिलं आणि सही ठोकली. नोकरीत एवढी लाजिरवाणी ओळ त्यांच्या हातून कधी उतरली नव्हती.

त्या ओळीनं पुढे किती दारं वाजवली, ते सांगत बसलं तर कोंबडा आरवेल. जो वाचायचा तो मान खाली घालायचा आणि कागद वर पाठवायचा. आज तिथं घराघरातल्या मुक्या जिवाच्या औषधपाण्याला सूट मिळते. काम करतो का, असं कुणी विचारत नाही. पुढारी मात्र कायदा बदलायच्या आधीच गेला, बाईच्या मांडीवर डोकं ठेवून. एक दिवस सुई चुकली नाही त्याची, पण सूट त्याला कधी मिळाली नाही. तेव्हा मायबापहो, तुमच्या दारचं एखादं जनावर थकेल, कुणाच्या कामाचं उरणार नाही, त्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवताना या आंधळ्या म्हाताऱ्याची एकदा आठवण काढा.