शंभरात एकोणीस

आठला दहा कमी असताना गुरुदत्तने लॅपटॉप डायनिंग टेबलावर उघडून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. बॉस्टनजवळच्या त्या युनिव्हर्सिटीचा निकाल ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या घड्याळात सकाळी बरोबर आठला लागणार होता. तोवर स्क्रीनकडे बघितलं तर नकार येतो, असं त्याचं मत होतं. तो खाणीत इंजिनिअर होता आणि एरवी असलं काही मानत नसे.

"शंभरात एकोणीस," तो म्हणाला. "अर्ली डिसिजनच्या फेरीत शंभरात एकोणीस घेतात. साध्या फेरीत सहा. आमच्याकडे टनामागे दोन ग्रॅम सोनं निघालं तर मॅनेजर केक आणतो."

"बाबा, हे तू काल सांगितलंस. परवा पण," स्वरदा म्हणाली. २०२०च्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात एसी वाढवून ती हुडीत हात घालून बसली होती.

विनीता ओट्यापाशी डबा भरत होती. नऊला तिची ड्युटी होती. तिच्या वॉर्डात कित्येक महिन्यांत कोविडचा पेशंट दिसला नव्हता. साप चावलेले, दारू पिऊन पडलेले, एवढेच येत होते. तरी ती रोज पहाटे उठून अमेरिकेतले आकडे बघायची. दिवसाला तीन हजार मृत्यू. मग पोळ्या लाटायची.

"घेतलं तर?" तिने विचारलं.

"घेतलं तर जायचं. ऑगस्टमध्ये."

"आणि आपल्याला नाही म्हणायचं असेल तर?"

"अगं, तसं नसतं ते. स्थळासारखं आहे. पत्रिका एकाच घरी द्यायची, होकार आला की बाकीच्यांना नाही कळवायचं. म्हणून तर रेट जास्त. सही केलीस ना तू?"

केली होती. दोन शिफ्टच्या मधे, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. तेव्हा तिने एकोणीस टक्क्यांचा एवढाच अर्थ काढला होता की, एक्याऐंशी टक्के मुलं घरीच राहतात.

गुरुदत्त देवापुढे हात जोडायला वळला आणि तिथेच थांबला. गणपती जागेवर नव्हता. बाजूला स्टीलच्या पातेलीत होता, सोंडेच्या वरपर्यंत पाणी.

"देव पाण्यात ठेवलेस?" त्याचा आवाज एकदम भरून आला. "विनी, तू? आणि मी समजत होतो तुला ती जायला नकोय."

विनीताने डब्याचं झाकण दाबून लावलं. "चहा देऊ अजून?"

स्वरदा आईकडे बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "तू काय मागितलंस?"

"आठ वाजले," विनीता म्हणाली.

स्वरदाने पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा पान उघडलं आणि स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले. गुरुदत्त असा ओरडला की कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारलं, "यू राइट, मेट?"

"ऑल गुड, मेट! शी गॉट इन!"

स्वरदा हसत होती, तोंडावर दोन्ही हात ठेवून. विनीताने तिला जवळ घेतलं. "अभिनंदन, बाळा." ऑपरेशन थिएटरबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांशी बोलताना तिचा जो आवाज असतो, तो आवाज होता. गुरुदत्तने तोवर गणपती पाण्यातून काढून चहाच्या फडक्याने पुसला होता. "काम झालं," तो देवाला म्हणाला.

"पुढे क्लिक कर," मग तो स्वरदाला म्हणाला. "फॉर्म आत्ताच भरून टाकू."

फॉर्म सोपा होता. नाव, जन्मतारीख, कशाची ॲलर्जी. गुरुदत्त भराभर सांगत होता. तिसऱ्या पानावर स्वरदा थांबली.

"इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. चोवीस तासांत कॅम्पसवर पोचू शकेल अशी व्यक्ती."

"माझं लिही."

तिने लिहिलं.

"चोवीस तासांत?" विनीता म्हणाली. "सीमा बंद आहेत. आधी देशाबाहेर पडायला कॅनबेराला सरकारकडे अर्ज. कारण पटलं तर परवानगी. मग पर्थहून विमान असलं तर विमान."

"मग आईचं लिही," गुरुदत्त म्हणाला. " डॉक्टर आहे ती."

"डॉक्टरांना तर मुळीच सोडत नाहीयेत."

स्वरदाने बाबाचं नाव पुसलं.

"शिरीष!" गुरुदत्तने चुटकी वाजवली. "माझा सख्खा मामेभाऊ. न्यू जर्सीहून चार-पाच तासांचा ड्राइव्ह. लिही शिरीषकाका."

"शिरीष व्हेंटिलेटरवर आहे, गुरू."

"घरी आला ना तो?"

"सोमवारी परत नेला."

"मला बोलली नाहीस."

"तू टक्के सांगत होतास."

गुरुदत्तने खुर्ची ओढली आणि मघापासून पहिल्यांदाच बसला.

"मोकळं सोड," तो शेवटी म्हणाला. "पुढे जा."

स्वरदाने बटण दाबलं. पान हललं नाही. मोकळ्या चौकटीभोवती लाल रेघ उमटली. तिने परत दाबलं. रेघ तशीच.

"बाबा," कीबोर्डवर बोटं ठेवून तिने विचारलं, "कुणाचं लिहू?"