हुकूम

१९५६चा नोव्हेंबर. रेवसच्या धक्क्याला लाँच लागली आणि इंग्रजी जहाजावरचा खलाशी धर्मा अवेळीच परतलेला दिसला. धक्क्यावर मासळी विकणारी त्याची बायको केसर पाटी सोडून पुढं आली.

"नोकरी गेली?"

"मीच सोडली. त्यांच्या पंतप्रधानानं इजिप्तवर चढाई केलीय. तिकडं तोफगोळे न्यायचा हुकूम आला. मी न्हाय म्हटलं."

"गोऱ्यांच्या भांडणात तुमी कशाला पडलात? तो कप्तान दुसरा खलाशी घेईल नि जाईल!"

धर्मानं मागं वळून हात पुढं केला. तो धरून एक गोरा म्हातारा पेटी सावरत उतरला.

"हेच ते कप्तान. त्यांनीपण न्हाय म्हटलं. मायदेशी जायची सोय होईपर्यंत आपल्याकडं राहतील."

केसरनं म्हाताऱ्याची पेटी घेतली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.