पाचवी गाठ

“काकू, मागच्या वेळी तुम्ही आम्हाला आजारी पिल्लं विकली होती का?”

भिंगरीने विचारून टाकलं. तिच्या दोघी मैत्रिणी खाद्याच्या पोत्यांमागे दडल्या. पैज त्यांनीच लावली होती. कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या या काकूंना असं तोंडावर विचारायची भिंगरीची छाती होणार नाही, याची दोघींना खात्री होती. भिंगरीलाही होती. पण या वर्षी तिच्या तोंडून वाक्यं आधी सुटायची आणि ती मागून धावायची.

काकू चिडल्या नाहीत. तराजू पुसता पुसता त्यांनी विचारलं, किती दगावली? अकरा. बाहेर सोडल्यावर किती दिवसांनी? दुसऱ्या दिवशी चार, मग आठवडाभरात बाकीची. हे सांगताना भिंगरीचा आवाज आपोआप खाली आला. तेव्हापासून घरात बाबा काकूंच्या नावाने खडे फोडत होते आणि आई बाबांच्या. पिल्लं रोगट होती, असं बाबांचं म्हणणं. यांनीच घाई केली, असं आईचं. आता नवी नऊ पिल्लं पाच आठवड्यांची झाली होती. त्यांना अंगणातल्या खुराड्यात कधी न्यायचं, यावरून पुन्हा भांड्यांचे आवाज वाढले होते. बाबा म्हणत, उद्या. आई म्हणे, अजून पंधरा दिवस नावच काढू नका.

“खोक्यात झोपतात कुठे?” काकूंनी विचारलं.

“कोपऱ्यात. बल्बपासून लांब, चोची उघड्या टाकून. थंडी वाजते ना त्यांना.”

“असं कोण म्हणतं?”

“आई. आणि मी.”

“तुला थंडी वाजली की तू शेकोटीकडे जातेस, का शेकोटीपासून पळतेस?”

पोत्यामागून कोणीतरी फिसकन हसलं. भिंगरी नाही हसली.

मग काकूंनी तिला नीट समजावून सांगितलं. पिल्लं मोठी होतील तसा बल्ब वर न्यायचा. ऊब जरा जरा कमी झाली की ती स्वतःच्या पिसांवर भागवायला शिकतात. शेवटच्या दिवसापर्यंत भट्टीत ठेवून एकदम अंगणात काढलं, तर धडधाकट पिल्लूही टिकत नाही.

पण हे तर बाबा करतातच, असं भिंगरी म्हणणार होती. ते अर्ध्यावरच तिने गिळलं. पैज जिंकल्याचंही विसरून ती घरी निघाली.

मागच्या खोलीत पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं. त्यावर दोरीने टांगलेला लाल बल्ब. दोरीला बाबांनी वीत-वीत अंतरावर पाच गाठी मारल्या होत्या, एका आठवड्याला एक. पहिली गाठ खिळ्यात अडकवली की बल्ब पिल्लांच्या डोक्याशी, पाचवी अडकवली की पार वर. या आठवड्यात पाचवी हवी होती.

खिळ्यात तिसरी होती.

रोज शाळेतून आली की भिंगरी बल्ब एक गाठ खाली घ्यायची. बिचारी कोपऱ्यात बसलेली तिला बघवत नसत. वर किती गाठी उरल्या, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. आणि आज तर तिने अजून दोरीला हातही लावला नव्हता.

पिल्लं चारी कोपऱ्यांत चिकटून बसली होती. पाठीवर, मानेवर सगळीकडे पिसं आली होती. एकाने पंख पसरला, झटकला आणि तो शेजारणीच्या तोंडावर आपटला. शेजारणीने उठायचाही कंटाळा केला.

बाबा अंगणात खुराड्याची जाळी आवळत होते. आई कपडे वाळत घालत होती. भिंगरीने दोघांना आत बोलावलं. गप्प बसायलाही हरकत नव्हती. तिचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं आणि पुढेही कोणी घेतलं नसतं.

“मी रोज बल्ब खाली घेते,” ती म्हणाली. “मागच्या वेळीही घेत होते.”

आईने हातातला ओला टॉवेल खुर्चीवर ठेवला. खुर्ची भिजेल, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

“मीही. दुपारी,” आई म्हणाली. “दोन गाठी.”

बाबा पक्कड हातात धरून दोरीकडे बघत राहिले. रोज सकाळी बल्ब खाली आलेला दिसायचा, ते म्हणाले. त्यांना वाटायचं, दोरीच सरकते. म्हणून कामावर जाताना ते तो पुन्हा वर करून जायचे.

“म्हणजे ती अकरा...” आई म्हणाली आणि थांबली.

‘माझी चूक नव्हती’ असं म्हणायची संधी बाबांनी कितीतरी महिने शोधली होती. आज समोर आली, तर त्यांनी पक्कड खिशात घातली आणि खाली बसून पिल्लांचं पाणी बदलायला घेतलं.

भिंगरीने बटण बंद केलं. बल्ब निवेपर्यंत ती थांबली. मग तिने तो फिरवून काढला. खोक्यात जरा वेळ काहीच झालं नाही. नंतर एक पिल्लू कोपरा सोडून मधोमध आलं, भुशात पाय पसरून बसलं आणि त्याने चोच मिटली. त्याच्या मागोमाग दुसरं आलं.

“आजपासून बल्ब नाही,” भिंगरीने आईबाबांना सांगितलं. “आठ दिवस इथेच, बल्बाशिवाय. नीट झोपली तर पुढच्या रविवारी अंगणात. थंडीने गठ्ठा करून बसली तर आणखी थोडे दिवस. तेव्हा काकूंना विचारून ठरवू.”

दोघांनी मान हलवली.

“आणि हा मी मैत्रिणीच्या घरी ठेवायला देतेय,” तिने बल्ब रुमालात गुंडाळला. “इथे राहिला तर लावला जाईल. पहिली मीच लावीन.”