मला तर थोरलीच आवडते

भिशीत आठच्या मालिकेचा विषय निघाला. "ती थोरली जाऊ म्हणजे नुसतं विष," कुमुदताई म्हणाल्या. भिशी त्यांच्याच घरी होती, म्हणून बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी नाही.

"मला तर थोरलीच आवडते. कादंबरीतसुद्धा सोशिक नायिका आली की मी पुस्तक मिटते. तुमची नायिका सगळ्यांना वाढून मागनं उभ्याउभ्या जेवते. थोरली निदान आपलं ताट घेऊन सगळ्यांबरोबर बसते!"

"म्हणूनच वाईट ती," कुमुदताई फणकारल्या.

तेवढ्यात त्यांची सून स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिने सगळ्यांना कप दिले आणि उरलेला स्वतः घेऊन माझ्या शेजारी बसली.

कुमुदताईंनी डोळे वटारले. "अगं, भजी तळायची राहिलीत ना?"

"गॅस बंद करून आलेय," म्हणत तिने चहावर फुंकर घातली.